दहापैकी नऊ

माझ्या भावाने जेवणाला दहापैकी दहा मार्क आजवर दोनदाच दिले आहेत. एकदा बरोबर, एकदा चुकीचे. दोन्ही वेळा आम्हा तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यातल्या पहिल्या वेळेला कारण मी होते.

मी कोर्टात लघुलेखिका आहे. साक्षीदार बोलतात, वकील बोलतात, मी उतरवून घेते. सव्वीस वर्षांत माझं मत कुणी विचारलेलं नाही आणि मीही ते दिलेलं नाही. सवय हाडीमाशी खिळली आहे, म्हणून हेही जसं झालं तसंच सांगते. मध्ये मध्ये राग येईल. तो घरच्यांवरचा आहे, तेवढी सूट मला असावी.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो रंगाच्या कारखान्यात रंग जुळवतो. म्हणजे असं, की प्रत्येक रंगाचं एक मूळ कार्ड असतं. ते काळ्या पाकिटात, पाकीट ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. उजेडाने कार्ड फिकं पडतं, म्हणून दोन मिनिटांपेक्षा जास्त ते बाहेर ठेवत नाहीत, आणि दर वर्षी जुनं फाडून नवं आणतात. रंगाची नवी बॅच झाली की तिचा एक पट्टा कागदावर ओढायचा, वाळवायचा, मूळ कार्डाशेजारी खिडकीच्या उजेडात धरायचा आणि मार्क द्यायचे. आठच्या खाली गेला तर बॅच परत. नऊ म्हणजे उत्तम. दहा फक्त मूळ कार्डाला. एकदा एका पट्ट्याला दादाने दहा दिले आणि उठून थेट त्या पाळीच्या माणसाची मानगूट धरली, कारण त्या बहाद्दराने रंग बनवलाच नव्हता. जुन्या डब्यातलाच ओतून त्याचा पट्टा ओढला होता.

"माणसाने बनवलेल्यात किंचित फरक राहतोच," दादा म्हणतो. "फरकच नाही, म्हणजे तो तोच डबा."

ही गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आम्हाला ती स्वल्पविरामांसकट पाठ आहे.

वहिनीचं तळमजल्यावर कपडे आल्टर करायचं दुकान आहे. तिचं रफू असं, की कापड उलटं करून पाहिलं तरी भोक कुठे होतं ते सापडत नाही. "बाई, केलंत ना नक्की?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की तिचा दिवस छान जातो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका बाजूला ती दोघं, समोरच्या दारात मी एकटी. आठवड्यातले चार दिवस मी त्यांच्याकडे जेवते. उरलेले तीन दिवस वहिनीकडून डबा येतो.

नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, दादाने कारखान्याच्या समारंभात बदाम घातलेली खीर खाल्ली आणि वाटी खाली ठेवायच्या आत त्याचे ओठ सुजले. मग जीभ. मग श्वास. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली एवढंच. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दूध बंद आणि दुधाचं जे जे होतं ते बंद. त्याशिवाय बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते बंद. जन्मभर पेल्याने दूध प्यायलेल्या माणसाला हे होतं कसं, असं मी विचारलं. होतं कधी कधी, त्या म्हणाल्या. किती दिवस? कायम. त्यांनी इंजेक्शनची दोन पेनं लिहून दिली. एक दादाच्या कोटाच्या खिशात, एक स्वयंपाकघरात किल्ल्यांच्या खिळ्याला टांगलेलं. मांडीत खुपसायचं, दहा आकडे मोजायचे, आणि मग लगेच ॲम्ब्युलन्स.

दादा घाबरला. त्याला दोष नाही, मीही घाबरले असते. पण तो घाबरला तो असा, की भात, उकडलेलं गाजर आणि मीठ याखेरीज कशाला हात लावेना. चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. कॉलर वेगळी आणि गळा वेगळा. डॉक्टरीणबाई वहिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे दुधाने नाही, उपासानेच जातील. यांना नीट खायला लावा. काय नको याची यादी मी दिली, त्याऐवजी काय याची तुम्ही करा."

वहिनीला त्याआधी स्वयंपाकाची आवड होती असं कुणी म्हणणार नाही. पण "त्याऐवजी" हा शब्द तिच्या धंद्यातला. एका बटणाऐवजी दुसरं, फाटलेल्या अस्तराऐवजी नवं, आणि बाहेरून कळता कामा नये. तिने एक वही केली. डाव्या पानावर जे गेलं ते, उजव्या पानावर त्याऐवजी काय.

दादाचा सगळ्यात आवडता पदार्थ होता थराचे बटाटे. बटाट्याच्या पातळ चकत्या, मध्ये दूध-लोण्याचा पांढरा सॉस, वर चीज, आणि भट्टीत वरून तांबूस होईपर्यंत. आता यात बटाटा सोडला तर उरलेलं सगळं डाव्या पानावर. वहिनीने नेमका तोच पदार्थ धरला. ओट भिजवून वाटले आणि अस्तराच्या मलमलीतून गाळून दूध काढलं. पहिल्या खेपेला तिने मलमल पिळली, त्यामुळे सॉस झाला तो पोस्टर चिकटवायच्या खळीसारखा. पिळायचं नाही, नुसतं ठिबकू द्यायचं, हे तिला तिसऱ्या खेपेला कळलं. सॉस दाट व्हायला काजूच्या जागी सूर्यफुलाच्या बिया भिजवून वाटल्या. त्याच बियांचा तिने एकदा केक केला, सोडा घालून, आणि दुसऱ्या दिवशी कापला तर आतून हिरवागार. बिया आणि सोडा यांचं तसं होतं म्हणे. दादाने तुकडा खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि म्हणाला, "हा आमच्याकडे 'ओला पाचोळा' नावाने खपतो." चार महिन्यांत तो पहिल्यांदा हसला होता. केक त्याने सगळा खाल्ला आणि मार्क दिले तीन.

तेव्हापासून ही मार्कांची भानगड घरात शिरली. जे पानात येईल त्याला मार्क. ओटचं दूध चार. खोबरेल आणि ऑलिव्हचं तेल बर्फावर फेटून केलेलं लोणी पाच. थराचे बटाटे दोन, मग चार, मग पुन्हा तीन. वर कारण. "किंचित गोड." "जिभेवर थांबत नाही." "गरम असताना सहा, गार झाल्यावर चार." ती बाई दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करून, वर येऊन बिया वाटणार, आणि हा नाकाने कांदे सोलणार. एकदा मला राहवलं नाही.

"आयतं गिळतोस ते गिळ की गुपचूप," मी म्हटलं. "परीक्षक नेमलाय का तुला?"

दादाने पुढचा घास घेतला. वहिनीच मला म्हणाली, "वन्सं, बोलू दे त्यांना. मार्क देतायत म्हणजे खातायत."

ती मला एरवी नावाने हाक मारते. 'वन्सं' म्हटलं की समजायचं, विषय संपला.

मार्क चढत गेले. बटाट्यात उकडलेला फ्लॉवर वाटून घातल्यावर सहा. कांदा तासभर मंद आचेवर ठेवून त्याचा गोडवा मुरू दिल्यावर सात. यीस्टची पिवळी पूड, लसूण आणि मीठ यांनी चीजचं काम बरंचसं केलं, तेव्हा आठ. चौथ्या वर्षी एका रविवारी दादाने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नऊ." वहिनीने ओट्याकडे तोंड फिरवलं. मला वाटतं ती रडली. विचारलं नाही. दादाचं वजन तोवर परत आलं होतं, वर दोन किलो व्याज.

पण नऊवर गाडी अडली ती अडलीच. दोन वर्षं नऊ. वहिनीच्या डोक्यात दहाने घर केलं. जायफळ बदलून पाहिलं, बटाट्याची जात बदलून पाहिली. दूध दिसायलाही दुधासारखं हवं, म्हणून ती ओटचं दूध काचेच्या जुन्या दुधाच्या बाटल्यांत भरून ठेवू लागली, तशाच लाल बुचांच्या. "पानात बसल्यावर त्यांना वाटायला नको, की आपलं काही गेलंय," असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं होतं, तो दहा कधीच द्यायचा नाही, तो त्याच्या धंद्याचा नियम आहे. ती म्हणाली, "बघू या ना."

आता माझी चूक.

तीन वर्षांपूर्वीचा रविवार. माझा फ्रिज शनिवारी बंद पडला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. माझ्याकडे चहाच्या दुधाची अर्धी बाटली होती, खरं दूध, लाल बुचाची बाटली. त्यांच्या घरात दूध न्यायचं नाही हा नियम मला माहीत होता. सहा वर्षं मी तो पाळला होता. पण वहिनी खाली दुकानात होती, दादा आंघोळीला, आणि मी मनात म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न. त्यांच्या फ्रिजच्या दारात, अगदी कडेला, बाटली ठेवली. सांगायचं ठरवलं होतं. मग माझा फोन वाजला, आणि मी विसरले. यात अधिक काही नाही. कोर्टात मी असे शेकडो जबाब उतरवले आहेत. "विसरलो, साहेब." प्रत्येक वेळी मनात म्हटलं आहे, असं कसं विसरतो माणूस?

दुपारी एक वाजता तिघं टेबलावर बसलो. थराचे बटाटे, भाजलेली भोपळी मिरची, पाव. वहिनीने दादाला आधी वाढलं. त्याने चमच्याच्या टोकावर थोडा सॉस घेतला, नेहमीसारखा, आधी जिभेच्या शेंड्यावर. आणि थांबला.

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मीही.

"दहा," दादा म्हणाला.

वहिनीचा चेहरा असा फुलला, की मी तो विसरणार नाही. एक सेकंद असेल. मग दादाने रुमालात थुंकलं, चमचा खाली ठेवला, आणि अगदी शांत आवाजात पुन्हा म्हणाला, "दहा. पेन आण."

वहिनीला कळायला वेळ लागला. मला लागला नाही. मी फ्रिज उघडला, बाटली दारात नव्हती, ती ओट्यावर रिकामी होती. पेन मी काढलं, पण टोपण निघेना. वहिनीने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि त्याच्या मांडीत खुपसून दहापर्यंत मोजलं. मोठ्याने, एकेक आकडा, शिवणाचे टाके मोजावेत तसे. तोवर ओठ सुजले होते. श्वास मात्र चालू राहिला. घास पोटात गेला नव्हता म्हणून निभावलं, असं दवाखान्यात म्हणाले. एक दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं.

मी दवाखान्याच्या बाकावरच सगळं सांगितलं. बाटली, फ्रिज, फोन. वहिनी ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आणि मी बाटल्या सारख्या ठेवल्या होत्या." मग घरी जाऊन तिने काचेच्या सगळ्या बाटल्या टाकून दिल्या आणि रुंद तोंडाच्या निळ्या बरण्या आणल्या. मला त्यांच्या ओट्याशी यायला कुणी मनाई केली नाही. मीच जाईनाशी झाले. जेवायला जायची, पण दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत. एखादी वाटी, एखादा चमचासुद्धा उचलून द्यायला हात पुढे होत नसे. दादाही कधी म्हणाला नाही, की जरा मीठ दे गं. हे त्याने ठरवून केलं की सहज, ते मी विचारलं नाही. पण माझ्या हातचं तो पुन्हा कधी खाईल का, हा प्रश्न मनातून गेला नाही. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या घरात तर फुंकायला ताकही नव्हतं.

दादाने मात्र त्या घासाचा अभिमानच धरला. "जीभ पक्की आहे माझी. सहा वर्षांनी ओळखलं!" पाहुण्यांना सांगायच्या गोष्टीत आणखी एक भर. वहिनीने पुन्हा भट्टी लावायला दोन महिने घेतले. मग हळूहळू बटाटे परत आले, नऊही परत आले. फरक एवढाच, की आता नऊ ऐकलं की ती सुस्कारा सोडायची. आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं, की दादाची जीभ हा घरातला शेवटचा पहारेकरी आहे. बरणीत चूक झाली, पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायचं राहिलं, दुकानदाराने फसवलं, तरी तो दहा म्हणेल आणि आपल्याला कळेल.

गेल्या वर्षी, दुपारच्याच जेवणाला, दादाने घास घेतला आणि म्हणाला, "दहा."

खुर्च्या पडल्या. पेन माझ्याच हाताला आधी लागलं, या वेळी टोपणही निघालं. दादा रुमालात थुंकून बसला होता, दोन्ही हात टेबलावर. आम्ही त्याच्या ओठांकडे बघत उभ्या. एक मिनिट. तीन मिनिटं. वहिनी म्हणाली, "काय होतंय?" तो म्हणाला, "काही नाही." दहा मिनिटं झाली. काही नाही. वहिनीने निळी बरणी हुंगली, बियांचा डबा पाहिला, यीस्टचं पाकीट, तेलाची बाटली, सगळं चष्मा लावून दोनदा वाचलं. सगळं तिचंच होतं. नेहमीचंच होतं.

मी हसायला लागले. सुटकेचं हसू ते. "वहिनी, मिळाले की गं दहा!"

वहिनी हसली नाही. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, त्या पहिल्या वेळेला होता त्याहून पांढरा.

"मी विसरलो," तो म्हणाला. "दूध कसं लागतं ते मी विसरलोय. कार्ड फिकं पडलं."

कारखान्यात नवं कार्ड मागवतात. इथे ते कुठून मागवणार? खऱ्या दुधाचा एक थेंब त्याच्या जिभेवर ठेवून आठवण ताजी करायची, हा उपाय आम्हा तिघांनाही एकाच वेळी सुचला असणार, कारण तिघंही एकाच वेळी खाली बघू लागलो. पुढचे चार दिवस दादा भात आणि गाजरावर होता. वहिनी वही उघडून बसायची आणि मिटायची. सात वर्षं लावून तिने भोक इतकं बेमालूम भरलं होतं, की आता कापड कुठलं आणि रफू कुठलं ते तिच्या नवऱ्यालाही कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने लिंबू आणलं.

सगळा स्वयंपाक झाल्यावर, भांडं टेबलावर नेण्याआधी, ती एकेक पाकीट, एकेक बरणी पुन्हा हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागली. ओट. बिया. तेल. यीस्ट. सगळं वाचून झाल्यावर तिने लिंबाची साल बारीक खिसली आणि वरून पेरली. फक्त पिवळी, पांढरी नाही. सॉसवर, सुपावर, केकवर, नुसत्या उकडलेल्या वाटाण्यांवरसुद्धा.

"हे काय?" दादाने विचारलं.

"ही खूण. जे मी वाचलंय त्यावरच पडणार. साल लागली तर खायचं. नाही लागली तर ते माझं नाही, मग ते कितीही छान लागू दे."

"पण बटाट्यात सालीचं काय काम? किंचित कडू लागते."

"लागू दे."

"मग नऊच."

"नऊच हवेत मला," वहिनी म्हणाली.

ज्या बाईने सहा-सात वर्षं एका मार्कासाठी जिवाचं रान केलं, तिने तो मार्क असा हाताने सोडून दिला. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही.

या वर्षीची गोष्ट. वहिनीच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती चार दिवसांसाठी तिच्याकडे गेली. जाताना चार दिवसांचे डबे करून, प्रत्येकावर साल पेरून, फ्रीजरमध्ये ठेवून गेली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, टाके दुखतायत, आणखी दोन दिवस लागतील. मग म्हणाली, "उद्या तू कर ना गं. वही डाव्या फडताळात आहे."

मी म्हटलं, दादा भात खाईल की. ती म्हणाली, "वन्सं."

तीन वर्षांनी मी त्या ओट्याशी उभी राहिले. सकाळपासून लागले होते. ओट ठिबकवले, पिळले नाहीत. बिया वाटल्या. कांद्यापुढे तासभर उभी राहिले. बटाट्याच्या चकत्या इतक्या पातळ केल्या, की आरपार दिसावं. भट्टीतून भांडं काढलं तेव्हा वरचा रंग अगदी तिच्यासारखा आला होता. एक वाजता दादा येऊन बसला. मी वाढलं. 

दादाने चमचा उचलला. मान खाली घालून वास घेतला. चमचा परत ठेवला.

"साल?" तो म्हणाला.

आणि मला आठवलं, की लिंबू खिडकीत तसंच आहे.

"राहिली," मी म्हटलं. "पण बाकी सगळं बघून केलंय, दादा. सगळं वहीबरहुकूम."

"वाचलंस सगळं? शेवटी? परत?"

मी तोंड उघडलं. हो म्हणणार होते. कोर्टात लोक हो म्हणतात ते कसं म्हणतात, हे मी सव्वीस वर्षं ऐकते आहे. आपण एखादी गोष्ट केली हे आठवणं वेगळं, आणि ती केलीच असणार असं वाटणं वेगळं. शपथेवरचा साक्षीदार या दोहोंमध्ये नेहमी घसरतो, आणि घसरल्याचं त्याला कळतही नाही. मी बरण्या डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. ओट, हो. बिया, हो. ब्रेडचा चुरा वर घातला होता, तो नव्या पाकिटातला होता, ते पाकीट मी वाचलं की नुसतं फोडलं?

"माहीत नाही," मी म्हटलं.

दादा रागावलाही नाही. त्याने फक्त ताट दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं.

मी ते उचललं. मग भांडं उचललं. सकाळपासूनचं सगळं काम, तांबूस कडांसकट, मी कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. हात तीनदा धुतले. भांडं घासलं. दुसरे बटाटे सोलायला घेतले.

"भात लावू का मी?" दादाने विचारलं.

"बस गप्प," मी म्हटलं. "दोन तास लागतील."

तो बसला. दोन तास तो खुर्चीवरून हलला नाही, वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिला. त्याच्या पोटातली गुरगुर मला ओट्यापाशी ऐकू येत होती. मी सगळं पुन्हा केलं. शेवटी एकेक पाकीट हातात घेऊन त्याला ऐकू जाईल असं वाचलं. ब्रेडच्या चुऱ्याचं पाकीट वाचलं. त्यात वाईट काहीही नव्हतं. म्हणजे पहिलं भांडंही बहुतेक ठीकच होतं. मग मी लिंबू घेतलं आणि खिसलं, बोटाचं थोडं कातडंही त्यात गेलं असेल.

दादाने वास घेतला. चमच्याच्या टोकावर थोडा सॉस घेतला, जिभेच्या शेंड्यावर ठेवला. मी खिळ्याला टांगलेल्या पेनाशेजारी उभी होते. त्याने घास गिळला. मग दुसरा घेतला, चांगला मोठा. तिसरा. अर्धं ताट संपेपर्यंत तो मार्कांचं काही बोललाच नाही, आणि मीही विचारलं नाही.

"सहा," तो शेवटी म्हणाला. "साल फार झाली."

कोर्टात मी कधी रडलेली नाही, लोकांना फाशी होताना ऐकलं तरी. इथे उभ्या उभ्या डोळे भरले, आणि ते पुसायला हात वर केला तर लिंबाचा हात डोळ्यात गेला.

"बस ना तू पण," दादा म्हणाला. "आणि जरा मीठ दे गं."

मी मीठ दिलं.